एका गाडीचा मालक-चालक: डिझेल, भाडं आणि 'उरलेल्या' पैशांचा खरा हिशेब

"भाडं ४६ हजार, तेल १९ हजार, टोल सव्वाचार. उरले पावणेतेवीस."

चाकणहून बंगळूरला माल टाकणाऱ्या कुठल्याही मालक-चालकाला ढाब्यावर विचारा, हिशेब एवढ्या दोन वाक्यांत संपतो. मीही पहिली अडीच वर्षं असाच सांगायचो. मग एकाच महिन्यात विमा आणि चार टायर दोन्ही अंगावर आले आणि मेव्हण्याकडून ऐंशी हजार उसने घ्यायची वेळ आली. गाडीला काम होतं, भाडी वेळेवर मिळत होती. टायरचे आणि विम्याचे पैसे 'उरले' समजून मी घरात खर्च करून बसलो होतो, एवढाच घोटाळा.

त्यानंतर वही घातली. खाली लिहिलंय ते त्या वहीतून आलेलं आहे. माझी गाडी दहाचाकी, २८ टनी (मालासकट एकूण वजन), बीएस-सहा म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषाची, दुसऱ्याच्या हातची घेतलेली, अजून हप्ते चालू. आकडे हिशेब समजावा म्हणून गोल केलेत. तुमची गाडी सहाचाकी आयशर असो की चौदाचाकी, रीत तीच. आकडे तुमचे टाका.

गाडी उभी असतानाही चालू असलेला खर्च

पहिल्या पानावर फक्त तो खर्च लिहा, जो गाडी घरासमोर उभी असली तरी थांबत नाही. माझं पान असं:

हप्ता ४२,००० रुपये. विमा वर्षाला ७२,००० धरला, म्हणजे महिन्याला ६,०००. नॅशनल परमिट (त्याची वर्षाची फी १६,५००), रस्ता कर, फिटनेस, पीयूसी मिळून महिन्याला ३,५००. पार्किंग, मोबाईल, हिशेबनीस असे किरकोळ १,५००. आणि माझा स्वतःचा पगार २२,०००.

शेवटच्या ओळीवर बहुतेकजण अडखळतात. "गाडी माझीच, मी मलाच पगार कसला देऊ?" उद्या तुमचा पाय मोडला आणि गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसवला, तर तो फुकट येणार आहे का? त्याला जे द्याल ते तुमच्या कामाचं मोल. ते खर्चात धरलं नाही तर तुमची मजुरी नफा म्हणून दिसत राहते, आणि गाडी खरंच कमावते की तुम्हीच गाडीला पोसताय, हे वर्षानुवर्षं कळत नाही.

बेरीज ७५,०००. तीस दिवसांनी भागली की दिवसाला २,५००. हा आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा. कंपनीच्या गेटवर माल उतरायला एक दिवस मोडला, तर तुमचे अडीच हजार गेले; तिथला चहा फुकट मिळाला तरी.

आता महिन्याचे किलोमीटर बघा. गाडी ७,५०० किलोमीटर पळाली तर हा खर्च किलोमीटरला १० रुपये पडतो. ५,००० पळाली तर १५. दहा हजार पळाली तर साडेसात. डिझेलमध्ये दोन-चार टक्के वाचवण्यासाठी माणूस जीव टाकतो आणि लोडिंगच्या रांगेत महिन्याचे आठ दिवस घालवतो. भोक नेमकं तिथे असतं.

चाकं फिरली की लागणारा खर्च

दुसऱ्या पानावर किलोमीटरमागचा खर्च. भरलेल्या गाडीचा ॲव्हरेज ४, म्हणजे लिटरला ४ किलोमीटर, आणि डिझेल ९० रुपये धरलं तर २२.५० रुपये. बीएस-सहा गाडीला धूर साफ करायला युरियाचं पाणी म्हणजे डीईएफ लागतं, साधारण डिझेलच्या पाच टक्के. ६० रुपये लिटरने ते ७५ पैसे. दहा टायरचा संच दोन लाखांचा आणि तो ८०,००० किलोमीटर गेला असं धरलं तर २.५०. ऑइल, ग्रीसिंग, पाटे (स्प्रिंग), क्लच, ब्रेक, वायरिंग सगळं मिळून २.२५. टोल ५. रस्त्यावरचं जेवण, पार्किंग, पंक्चर यांना १ रुपया.

झाले ३४. त्यात उभ्या खर्चाचे १० मिळवले की ४४ रुपये. माझ्या गाडीचं एक किलोमीटर मला ४४ रुपयांना पडतं.

आता तोच बंगळूरचा फेरा. जाऊन-येऊन १,७०० किलोमीटर धरा. खर्च ७४,८००. जातानाचं भाडं ४६,०००, येतानाचं ३२,०००, एकूण ७८,०००. उरले ३,२००. त्यातून दोन्हीकडची दलाली १,५०० आणि वाराई-हमाली (माल चढवण्या-उतरवण्याचे गोदामावर मागितले जाणारे पैसे) १,००० गेली. हातात ७०० रुपये.

ढाब्यावरचे पावणेतेवीस हजार कुठे गेले? कुठेच नाही. ते टायरचे, विम्याचे, हप्त्याचे आणि तुमच्या मजुरीचे होते. या सातशे रुपयांनी घाबरू नका. पगार, हप्ता, टायर सगळं निघून वर सातशे राहिलेत, म्हणजे फेरा तोट्याचा नव्हता. मात्र महिन्याचे किलोमीटर पाच हजारांवर आले की हाच फेरा ८३,३०० ला पडतो, आणि भाडं तेच ७८,००० असतं.

डिझेल: आधी मोजा

ॲव्हरेज किती, असं विचारलं की लोक गाडी घेताना शोरूमवाल्याने सांगितलेला आकडा सांगतात. डिस्प्लेवरचा आकडा चढउतार दाखवायला ठीक, पण हिशेबाला टाकी ते टाकी हीच रीत. टाकी पूर्ण भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा, जमलं तर त्याच पंपावर, तितक्याच सपाट जागेवर. मधले किलोमीटर भागिले नंतर भरलेले लिटर. मध्ये पाच हजारांचं, दोन हजारांचं असं तुकड्यातुकड्यात भरलं असेल तर ते लिटरही बेरजेत घ्या. पंपाचं छापील बिल मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची शाई उन्हात महिनाभरात उडते.

सोबत एक गोष्ट लिहायचीच: माल किती टन होता आणि रस्ता कुठला. १८ टन घेऊन घाट चढलेल्या गाडीचा ॲव्हरेज रिकाम्या गाडीशी ताडून बघण्यात अर्थ नाही. चार-पाच फेऱ्यांत तुमच्या गाडीचे तीन आकडे तयार होतात: पूर्ण भरलेली, हलकी, रिकामी. माझे साधारण ४, ४.६ आणि ५.५. एखाद्या फेऱ्याला भरलेल्या गाडीचा ३.५ आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एअर फिल्टर तुंबलाय, टर्बोचा पाइप फुटलाय, ब्रेक चिकटतोय, किंवा रात्री कुणीतरी टाकीला नळी लावलीय.

ब्रेक चिकटण्याचं सांगतो, कारण ते सापडत नाही. ढाब्यावर थांबलात की चाकाच्या मधल्या हबजवळ हात नेऊन बघा, नुसता जवळ. हात लावलात तर भाजेल. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ते चाक ब्रेक दाबून फिरतंय. तुमचं डिझेल त्या ड्रममध्ये जळतंय, आणि टायरही.

पायातलं डिझेल

माझ्या गाडीचा ॲव्हरेज ४ वरून ४.४ वर आला तर महिन्याच्या ७,५०० किलोमीटरला सुमारे १७० लिटर वाचतात. ९० च्या भावाने १५,३०० रुपये. कुठल्याही पंपाची स्कीम इतके पैसे देत नाही.

आरपीएम काट्याचा हिरवा पट्टा नावाला दिलेला नाही. त्यात गाडी ठेवा, गिअर लवकर वर घ्या. सत्तर-ऐंशीने पळवण्याऐवजी पंचावन्न-साठ धरा. वेग वाढतो तशी हवा गाडीला कितीतरी पटीने जास्त अडवते, आणि ट्रकचा पुढचा भाग म्हणजे भिंतच. पुढे सिग्नल किंवा टोलनाका दिसला की तिथपर्यंत पाय देऊन मग ब्रेक मारणं म्हणजे डिझेल विकत घेऊन ब्रेकचे लायनर घासणं. ताडपत्री ओढून घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री वारा भरून घेते आणि फाटते ती वेगळीच.

उतारावर न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. जुन्या वस्तादांकडून आलेली सवय. आताच्या कॉमन रेल इंजिनात, जिथे डिझेल कॉम्प्युटर सोडतो, हा हिशेब उलटा आहे: गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर ईसीयू, म्हणजे तोच इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टरचं डिझेल बंदच करतो. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल सोडावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं. वर कसाऱ्यासारख्या उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती. गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्याची सवय महाग पडते. तासाला दीड-दोन लिटर कुठे गेले हे कळतही नाही. रात्री सहा तास गाडी चालू ठेवून झोपलात तर हजार रुपये जळाले. केबिनला लावलेला बॅटरीवरचा पंखा त्यापेक्षा स्वस्त.

हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना, गेजने. हातोडीच्या आवाजावर सगळ्यांचा विश्वास असतो. माझाही होता, तोवर एकदा जोडटायरपैकी आतला पंचवीस-तीस पौंडांनी कमी निघाला. हवा कमी असलेला आतला टायर गरम होतो, बाहेरच्यावर भार येतो आणि दोन्ही लवकर जातात.

कुठे भरायचं, कसं भरायचं

राज्याराज्यात व्हॅट वेगळा, म्हणून डिझेलचा भाव वेगळा. महाराष्ट्रापेक्षा गोवा, दमण, गुजरातकडे सहसा स्वस्त. तेलंगणा आणि आंध्रात महाग. आधी कर्नाटकातही स्वस्त होतं, म्हणून कोल्हापूरहून खाली जाताना कागलला टाकी फुल्ल न करता कोगनोळी-निपाणी ओलांडून करायचो; एप्रिल २०२५ मध्ये तिथला कर वाढल्यापासून तो फायदा राहिला नाही. गुजरातेत जाताना तलासरीला कामापुरतं, पुढे भिलाड-वापीकडे जास्त. सोलापूर-हैदराबाद रस्ता मजेशीर आहे: उमरगा सोडलं की मधे कर्नाटकाचा पट्टा लागतो, आणि त्याच्या पलीकडे झहीराबादपासून तेलंगणा. तिथे हुमनाबादला भरून पुढे जायचं. निघण्यापूर्वी तेल कंपन्यांच्या ॲपवर त्या दिवसाचा भाव बघून घ्या, फरक बदलत राहतो.

पण याच्या फार नादी लागू नका. लिटरला अडीच रुपये फरक आणि ३०० लिटरची टाकी, म्हणजे ७५० रुपये. तेवढ्यासाठी वीस किलोमीटर वाट वाकडी केली तर भरल्या गाडीचं पाच लिटर, साडेचारशे रुपये तिथेच गेले. रस्त्यात असेल तर घ्या, नसेल तर सोडा.

पंपावर चार गोष्टी बघायच्या. मशीनवर शून्य आलेलं. छापील बिल. शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागायचं. ते प्रत्येक पंपावर असतं, आणि पाच लिटरला पंचवीस मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. आणि डिझेलची घनता (घनमीटरला किलोमध्ये): पंपाने लिहिलेल्या आकड्यात आणि तपासलेल्या आकड्यात ३ पेक्षा जास्त फरक असेल तर तिथे भरू नका. हे विचारायला लाज वाटायची काही गरज नाही, ग्राहकाचा हक्क आहे तो.

रस्त्याकडेच्या टाक्यांमधून 'बायोडिझेल' म्हणून स्वस्तात विकलं जाणारं तेल मात्र हातही लावू नका. वीस रुपये लिटरमागे वाचतात, आणि मग इंजेक्टर जातात. बीएस-सहाचे चार-सहा इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप बदलायला जो खर्च येतो, त्यात कित्येक महिन्यांची बचत वाहून जाते. युरियाचंही तेच. सीलबंद बादली घ्या, सुटं घेऊ नका. भेसळीच्या डीईएफने सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट खराब होतो, आणि डीईएफ संपलं तर गाडीची ताकदच कमी होते. घाटात असं झालं की मागची रांग काय बोलते ते ऐकून घ्यावं लागतं.

तेल कंपन्यांची फ्लीट कार्डं, म्हणजे इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, एचपीचं ड्राइव्ह ट्रॅक प्लस, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, एका गाडीलाही मिळतात. पॉइंट थोडेच, पण महिन्याचं स्टेटमेंट मिळतं आणि रोकड बाळगावी लागत नाही. पंपावरच्या उधारीपेक्षा हे बरं. ट्रान्सपोर्टवाला ॲडव्हान्सच्या जागी डिझेलची चिठ्ठी देतो, तेव्हा त्या पंपाचा भाव आधी फोनवर विचारा. मला एकदा बाजारभावापेक्षा दीड रुपया जास्त लावला होता. चिठ्ठीच्या मागे कोण बघतो, अशा समजुतीने.

भाडं ठरवताना

एजंटचा फोन येतो: "शेठ, उद्या सकाळी बंगळूर, सोळा टन, बेचाळीस." लगेच हो म्हणायचं नाही. विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा: ॲडव्हान्स किती आणि कधी, बाकी कशावर आणि किती दिवसांत, लोडिंगला किती वेळ, हमाली कोणाची, दोन दिवसांपेक्षा जास्त थांबलो तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, किती. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. फोनवर झालेलं बोलणं माल उतरल्यावर कुणाला आठवत नाही.

हमालीवरून महाराष्ट्रात गाडीवाल्यांनी जुनी घोषणा दिलेली आहे: ज्याचा माल, त्याचा हमाल. घोषणा खरी, पण गोदामापाशी वाराई मागितली जातेच. भाडं ठरतानाच "वाराई तुमच्याकडे" असं लिहून घेतलं तर निदान भांडायला आधार राहतो. नाही मान्य झालं तर ती रक्कम भाड्यात धरा.

परतीच्या भाड्याबद्दल सगळ्यांचाच गोंधळ होतो. बंगळूरला गाडी रिकामी झालीय, एजंट १८,००० देतो म्हणतो, तुमचा खर्च किलोमीटरला ४४. "परवडत नाही" म्हणून रिकामी आणायची? नाही. रिकामी आणलीत तरी टोल, टायर, हप्ता, तुमचा वेळ सगळं लागणारच आहे. माल घेतल्याने वाढतो तो फक्त डिझेलचा फरक: भरलेली ४ ने २२.५० रुपये, रिकामी साडेपाचने १६.३६, म्हणजे किलोमीटरला सहा रुपयांच्या आसपास. साडेआठशे किलोमीटरला सुमारे ५,२००. त्यावर दलाली-हमाली धरा. सातेक हजारांच्या वर जे मिळेल ते तुमचं.

मग थांबून चांगल्या भाड्याची वाट बघायची का? इथे तो स्टिअरिंगजवळचा आकडा कामाला येतो. एक दिवस थांबून भाडं अडीच हजारांपेक्षा जास्त वाढणार असेल, आणि तशी खात्री असेल, तर थांबा. वाढणार नसेल तर आजचं घ्या. मी तीन दिवस थांबून सहा हजार वाढवून घेतले होते, छाती फुगवून घरी आलो होतो. साडेसात हजार घालवून सहा हजार मिळवले, हे नंतर वहीने सांगितलं.

एक मात्र धोका: परतीचा स्वस्त भाव जातानाच्या भावात मिसळू देऊ नका. एजंट तुमच्याच तोंडचं "मागच्या वेळी अठरात आलात की" तुम्हालाच ऐकवतो. दोन्हीकडच्या भाड्याची बेरीज पूर्ण फेऱ्याच्या खर्चावर यायला हवी, हे डोक्यात ठेवून जातानाचं भाडं ताणा.

दोन टन जास्त टाकू का?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. दोन टन जास्त टाकले तर २४,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा खर्च वेगळा. त्या दोन टनांचं भाडं मिळतं चार-पाच हजार. शिवाय टायर, पाटे आणि अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद. लोड झाल्यावर काट्यावर वजन करून चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा. मालवाल्याने सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन एकच असेल असं गृहीत धरू नका.

अडकलेली बाकी

वहीच्या शेवटी एक पान उलट्या बाजूने सुरू करा: बिल्टी (मालाची पावती) नंबर, पार्टी, बाकी किती, पोच कधी दिली, पैसे कधी आले. पोचपावतीवर सही-शिक्का आणि माल उतरल्याची तारीख-वेळ घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही. तिथेच फोटो काढून पाठवायचा, मूळ कागद नंतर. पोच गहाळ झाली की बाकी गेली असं समजा. कमी माल, ओला माल अशी काही नोंद कुणी पोचेवर लिहिली तर त्यावर तुमचंही म्हणणं तिथेच लिहा.

कागदावर तुमचे दीड लाख बाहेर असतात आणि पंपावर तीस हजारांची उधारी असते, असं चित्र मी पुष्कळांचं पाहिलंय. नव्या पार्टीचं दुसरं भाडं पहिल्याची बाकी आल्याशिवाय घेत नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. दोनदा मोडला, दोन्हीदा बुडालो.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी, नोंदणी करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. २०२३-२४ पासून तर असे थकवलेले पैसे दिल्याशिवाय कंपनीला ते आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक छापला की मोठ्या कंपनीचा अकाउंट विभाग जरा लवकर हलतो, असा माझा अनुभव. छोट्या एजंटला याचं काही वाटत नाही, तिथे ओळखच कामाला येते.

दोन खाती, एक आरडी

भाडं सगळं गाडीच्या खात्यात. घरखर्च दुसऱ्या खात्यात, आणि तिथे महिन्याला पगाराचे २२,००० टाकायचे, बस्स. आमच्याकडे गाडीच्या खात्याचं पासबुक आणि वही घरी बायको बघते; मी फेऱ्यावरून बिलांचे फोटो पाठवतो. रस्त्यावरचा माणूस स्वतःला फसवतो, घरचा माणूस फसत नाही.

फेरा संपला की त्याच दिवशी टायर आणि दुरुस्तीचे पैसे बाजूला: २.५० अधिक २.२५ म्हणजे किलोमीटरला ४.७५. सतराशे किलोमीटरला ८,०७५ रुपये. विमा आणि परमिट-कराचे महिन्याला ९,५०० आरडीत. पहिले चार-पाच महिने हे जड जातं. सगळं जमत नसेल तर निम्मं टाका, पण टाका.

पावसाळ्याचे दोन-तीन महिने मंदीचे, दिवाळीआधी तेजी, ऊस आणि कांद्याच्या हंगामाचा भाव निराळा. तेजीतली कमाई ही पावसाळ्यातल्या हप्त्यांसाठी असते. दोन हप्ते आणि एक विमा इतकी शिल्लक बाजूला झाल्याशिवाय नवं केबिन, नवा रंग, म्युझिक सिस्टीम नको. हप्ता बाउन्स झाला तर दंड लागतोच, पण सिबिल बिघडलं की पुढच्या गाडीचं व्याज वाढतं. चुकणार असं दिसलं तर तारखेच्या आधी फायनान्सवाल्याला फोन करा. तारीख गेल्यावर बोलणं अवघड होतं.

विमा काढताना मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत आहे ना, हे बघा. एजंट हप्ता कमी दाखवायला कधी कधी तो काढून टाकतो. बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांचा आणि ४३६ रुपयांचा असे दोन सरकारी विमे असतात, दोन्ही दोन-दोन लाखांचे. घ्या.

फास्टॅगचं स्टेटमेंट महिन्यातून एकदा वाचा. एकाच नाक्यावर दोनदा कापलेले पैसे दिसले तर १०३३ वर किंवा टॅगच्या बँकेकडे तक्रार करून परत मिळतात. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून दीडपटच टोल लागतो. जवळचे फेरे करणाऱ्यांनी वेळ तशी जुळवावी. फास्टॅगचा वार्षिक पास खासगी कार-जीपसाठी आहे, ट्रकला लागू नाही.

आयकर थोडक्यात

दहापर्यंत गाड्या असलेल्यांना आयकरात अंदाजे उत्पन्न दाखवायची सोय आहे, ४४एई नावाने सगळे ओळखतात ती. बारा टनांवरच्या गाडीला ग्रॉस वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात, त्याखालच्या गाडीला महिन्याला सरसकट ७,५००. माझी २८ टनी, म्हणजे महिन्याला २८,०००, वर्षाला ३,३६,०००. गाडी उभी राहिलेला महिनाही धरला जातो. कराच्या दृष्टीने वही ठेवायची सक्ती नाही, पण वरची वही ही स्वतःसाठी आहे. विवरणपत्र भराच. कर शून्य आला तरी पुढच्या कर्जाला तोच कागद लागतो.

पॅन आणि 'दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत' असं घोषणापत्र पार्टीला दिलं तर भाड्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, कापायचा नसतो. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. कापलेला असेल तर आयकर पोर्टलवरच्या कापलेल्या कराच्या स्टेटमेंटमध्ये बघून विवरणपत्रातून परत मागा; दोन-तीन वर्षं तसेच पडलेले पैसे मी पाहिलेत.

गाडी ठेवायची की काढायची

तीन महिन्यांनी वहीतली एकच ओळ बघा: माझा पगार गाडीच्या खात्यातून निघाला का, आणि टायर-दुरुस्तीचे पैसे बाजूला पडले का. सलग दोन तिमाह्या दोन्ही नसतील, आणि किलोमीटर वाढायची शक्यताही नसेल, तर इंजिनकाम करण्याआधी गाडीची किंमत काढा. इंजिनकामावर लाखभर घालून मग विकणाऱ्याला ते पैसे परत मिळत नाहीत.

विकताना फायनान्सकडून उरलेल्या रकमेचं लेखी पत्र घ्या, पूर्ण फेड झाल्यावर ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघा. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते, गाडी कुणीही चालवत असो. आणि गाडी हातातून सोडण्याआधी तुमचा फास्टॅग बंद करून घ्या. नवा मालक टोलनाके ओलांडत राहतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जात राहतात.